आजीला बोधगयेला नेतोय. पूजेला काय न्यावं आणि आजोबांच्या नावानं तिथं काय करता येईल?

जुनीमिल_कंपाउंड

सर्वांना सप्रेम जयभीम. गड्ड्याची (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेची) गर्दी ओसरली की आजीला घेऊन बोधगयेला निघायचं ठरलंय. तिकिटं झालीत, राहायची सोय एका विहारात झालीय. गाडी अडलीय ती घरातच.

आजोबा गेल्या पावसाळ्यात गेले. रेल्वेत गँगमन होते. पास असूनही दोघांचा प्रवास ठरलेला असायचा. डिसेंबरात चैत्यभूमी, दसऱ्याला दीक्षाभूमी. बोधगयेचं नाव दरवर्षी निघायचं आणि कधी रजा नाही, कधी पैसा नाही, कधी कुणाचं बाळंतपण, असं करत राहून गेलं. आता आजी म्हणते, "मी जाते, पण त्यांच्या वाटणीचं बी करून येते."

तिनं पिशवी भरायला घेतलीय. नारळ, मेणबत्त्यांचा पुडा, अगरबत्ती, खिरीसाठी तांदूळ, मामाच्या बागेतली डाळिंबं आणि आजोबांचं एक धोतर, धुऊन इस्त्री केलेलं. त्यात शेजारच्या एका बाईनं तिला सांगितलं की गयेला गेल्यावर माणसाचं पिंड घालतात, म्हणजे तो सुटतो. आजीनं ते घरात बोलून दाखवलं आणि काका भडकले. प्रतिज्ञा घेतलेल्या घरात पिंडाचं नाव काढायचं नाही म्हणाले. तेव्हापासून आजी गप्प आहे. पिशवी तशीच कोपऱ्यात.

मला दोन गोष्टी सांगा. महाबोधी मंदिरात पूजेला काय चालतं, काय चालत नाही? आणि आजोबांच्या नावानं आपल्या रीतीत बसेल असं काही करता येतं का? काकांचं मला पटतं, पण आजीला रिकाम्या हातानं परत आणणं जमणार नाही.

निळी_पताका_बुधवारपेठ

जयभीम भाऊ. काकांचं शंभर टक्के बरोबर आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यात श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, हे स्पष्ट आहे. गया स्टेशनवर उतरलं की पिंडाचं विचारणारे भेटतात. पितृपक्षात तर मोठी जत्राच असते. आजीचा हात धरा आणि सरळ बोधगयेच्या रिक्षात बसवा. नारळबिरळ घरी ठेवा. बुद्ध मार्ग दाखवणारा आहे, त्याला काही चढवायची गरज नाही. आजोबांच्या नावानं वस्तीतल्या एखाद्या पोराची फी भरा, ते खरं दान.

दमाणीनगरच्या_बाई

जयभीम. मी शाळेतून निवृत्त झाले. आमच्या विहारातल्या उपासिकांना थंडीत बोधगयेला घेऊन जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पोराची फी भरा हे वरच्या भाऊंचं म्हणणं मला मनापासून मान्य आहे, तेही करा. पण तुझ्या आजीच्या पिशवीतली एकही वस्तू मी घरी ठेवायला सांगणार नाही. कुठली वस्तू कुणाच्या हातात द्यायची एवढंच बघायचंय.

आधी मूर्तीपुढचं सांगते. मंदिराला पूर्वेकडून शिरायचं. गाभाऱ्यात काचेमागं भूमिस्पर्श मुद्रेतली बुद्धमूर्ती आहे, पाल राजांच्या काळातली, काळ्या दगडाची, वरून सोन्याचा मुलामा. जागा चिंचोळी, मागं रांग. तिथं बसून पूर्ण वंदना म्हणू असं मनात धरू नका. फूल ठेवायचं, पंचांग प्रणाम करायचा, त्रिसरण-पंचशील म्हणायचं आणि पुढच्याला जागा द्यायची. राहिलेली वंदना मंदिराच्या मागं, पश्चिमेला, बोधिवृक्षाखाली. झाड आणि मंदिराची भिंत यांच्या मधोमध वज्रासन आहे, अशोकाच्या काळातली घासून गुळगुळीत केलेली शिळा. भोवती कठडा आहे, हात लावता येत नाही. कठड्यापाशी आजीला आसन टाकून दे. तिथं कुणी उठवत नाही, हवं तेवढा वेळ बसू दे.

फुलं दारात मिळतात, झेंडू आणि कमळाच्या कळ्या. कमळं घ्या. सिंहली उपासिका फुलं कशी वाहतात ते आजीला जरूर दाखव. देठ काढून ताटात एकेक फूल रचतात, वरून पाणी शिंपडतात आणि ताट सगळ्यांच्या हातांतून फिरतं. प्रत्येकीनं ताटाला हात लावायचा, म्हणजे पूजा सगळ्यांची झाली. फुलाचा वास मात्र कुणी घ्यायचा नाही. आपण विहारात म्हणतो ती पुष्पपूजेची गाथा त्याही म्हणतात, फक्त चाल वेगळी. "पुप्फं मिलायाति यथा इदं मे", हे फूल जसं कोमेजतं तसं हे शरीरही. आजीला गाथा पाठ असणार. ज्या बाईनं पावसाळ्यात नवरा पोचवला तिला त्या ओळीचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको. म्हणून म्हणते, ताट तू धर, पण फूल तिच्या हातानं ठेवू दे.

मेणबत्ती आणि अगरबत्ती गाभाऱ्यात किंवा झाडाखाली पेटवायची नाही. बोधिवृक्षाची देखभाल देहरादूनच्या वन संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ करतात. आत्ताचं झाडही जुन्याच वंशातलं. आधीचं 1876 च्या वादळात पडलं, त्यानंतर कनिंगहॅम या इंग्रज पुरातत्त्वज्ञाच्या काळात हे लावलं. धूर आणि धग त्याला सोसत नाही. तिबेटी लोकांचे लोण्याचे दिवे तिथं हजारोंनी लागतात, त्यासाठी आवारात काचेची वेगळी दिवाघरं केलीत. आजीला दिवा लावायचाच असेल तर तिथं लावा. घरचा पुडा मुक्कामाच्या विहारात रोजच्या वंदनेला द्या, कामी येतो. झाडाचं पान तोडायचं नाही, खाली पडलेलं मिळालं तर घ्यायचं. सकाळी झाडाखाली सगळे देश पानांसाठी वाकलेले असतात, तुम्हीही वाका.

मूर्तीला चीवर, म्हणजे भिक्खूंचं वस्त्र, अर्पण करायची तिथं मोठी रीत आहे. थायलंड, म्यानमार, व्हिएतनामचे उपासक डोक्यावर ताट घेऊन, त्यात घडी केलेलं सोनेरी चीवर ठेवून येतात आणि आतले भंते ते मूर्तीच्या अंगावर घालतात. बाहेरच्या दुकानांत तयार चीवर मिळतं. पैसे असतील तर करा, नसतील तर मन खट्टू करू नका. तेवढ्याच पैशांत एका भिक्खूला अंगावर घालायचं चीवर देता येतं, आणि दोन्हींतलं एक निवडायचं झालं तर मी भिक्खूचं निवडते.

आता डाळिंबं. ती जरूर ने, सोलापूरची डाळिंबं कुठंही मिरवावीत अशी. मूर्तीपुढं फळ ठेवता येतं. पण अर्धी तरी भोजनदानासाठी राखा. त्यात एक बारकावा आहे. थेरवादी, म्हणजे श्रीलंका, थायलंड, म्यानमारकडच्या परंपरेचे, भिक्खू रुजू शकणाऱ्या बियांचं फळ तसंच्या तसं खात नाहीत. आपण गृहस्थानं आधी त्याला सुरी लावायची आणि "कप्पियं भन्ते" (भन्ते, हे आता चालतं) म्हणायचं, मग ते घेतात. बी मोडल्याचा दोष त्यांच्याकडं जाऊ नये यासाठी विनयाचा, म्हणजे भिक्खूंच्या शिस्तीचा, नियम आहे तो. डाळिंब तर नुसत्या बियांचंच फळ. आजीला म्हणावं, सुरी तू धर आणि शब्दही तूच म्हण.

नारळ तिथं फोडत नाहीत, ओटीही नाही. नारळ खिरीत जाऊ दे. विहाराच्या स्वयंपाकघरात आदल्या दिवशी विचारून ठेवलंस तर पहाटे खीर करायला देतात. बोधगयेत खीर म्हणजे काय हे आजीला ठाऊक असेल. सुजातेनं दूध-तांदळाची खीर दिली ती याच नैरंजनेच्या काठी. नदीपलीकडं बकरौर गावात सुजातेचा स्तूप आहे, विटांचा, मोठा. जानेवारीत नदीत वाळूच जास्त दिसते. ज्ञान मिळालं त्याच्या आधीचं अन्न एका बाईच्या हातचं होतं. नंतरच्या सातव्या आठवड्यात तपस्सु आणि भल्लिक या दोन व्यापाऱ्यांनी सातू आणि मध दिला. त्या सातही आठवड्यांच्या जागा आवारात पाट्या लावून दाखवल्यात. चंक्रमणाच्या, म्हणजे बुद्ध चालले त्या, जागी दगडी कमळांची रांग आहे, ती मंदिराच्या भिंतीलगतच. तेवढी आजीच्या गुडघ्यांना जमेल.

राहिले आजोबा.

पिंडाला काका नाही म्हणतात ते योग्य. पण आजी पिंड मागत नाहीये रे लेकरा. शेजारणीनं एक शब्द दिला, तिनं तो उचलला. तिला त्यांच्या नावानं काहीतरी द्यायचंय, आणि त्यासाठी आपल्याकडं रीत आहे, पूर्वीपासून आहे. आजोबा गेल्यावर तुम्ही घरी जलदान विधी केला असेल, पुण्यानुमोदनाची पत्रिका काढली असेल. तेच बोधगयेत संघदान म्हणून करायचं. भिक्खूंना भोजन द्यायचं, परिष्कार (त्यांच्या वापराच्या वस्तू) द्यायचे, मग आजीनं एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाण्याची धार धरायची आणि भंते म्हणतात, "यथा वारिवहा पूरा परिपूरेन्ति सागरं". भरलेल्या नद्या जसा सागर भरतात, तसं इथं दिलेलं गेलेल्यांना पोचतं. ही गाथा तिरोकुड्ड सुत्तातली. अट्ठकथेत, म्हणजे त्यावरच्या जुन्या टीकेत, तिची गोष्ट बिंबिसार राजाची आहे, त्यानं आपल्या गेलेल्या नातलगांच्या नावानं भगवंतांना आणि संघाला दान दिलं. त्याची राजधानी राजगृह. तुम्ही बोधगयेहून राजगीरला जाणारच असाल, तेच ते.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना "पोचतं" हा शब्द खटकतो, मला माहीत आहे. काकांनाही खटकेल. त्यांना म्हणावं, पोचण्याचं बाजूला ठेवा, आजोबांच्या स्मरणार्थ दान म्हणा. विधी तोच राहतो. पिंडाच्या भातात आणि या भातात फरक हा, की हा भात जिवंत माणसाच्या पोटात जातो, आणि देणारीला मधे कुणी लागत नाही. आजीच्या हातून सरळ पात्रात.

थोडं व्यवहाराचं. भिक्खू दुपारी 12 नंतर जेवत नाहीत, म्हणून ताटं 11 च्या आत वाढलेली हवीत. थाई भंते बाईच्या हातून थेट वस्तू घेत नाहीत, पुढं कापड पसरतात, त्यावर ठेवायची. आजीला आधीच सांग, नाहीतर तिला वाटेल आपला हात टाळला. तिच्या पिढीला हात टाळल्याच्या आठवणी आहेत, हे मी मुद्दाम लिहिते. तिथं तसं काही नसतं, ती सगळ्याच बायकांसाठीची थाई भंतेंची रीत आहे. आणि भिक्खूंच्या हातात नोटा ठेवू नका. पैसे विहाराच्या कार्यालयात भरा, पावतीवर आजोबांचं नाव लिहून घ्या. ती पावती आजीला दे.

लोकोशेड_सोलापूर

बाईंनी सगळं सांगितलंच आहे. माझं दोन ओळींचं. 2013 च्या बॉम्बस्फोटांनंतर तपासणी कडक आहे. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, बाहेर लॉकर आहेत. तेव्हा आजीचे फोटो मंदिरात निघणार नाहीत हे घरच्यांना आधीच सांगा. मंदिर पहाटे 5 ला उघडतं. त्या वेळी गर्दी कमी, पण जानेवारीत फरशी बर्फागत असते. चप्पल बाहेर, पायमोजे ठेवा. स्वेटर, कानटोपी, शाल सगळं. सोलापूरच्या थंडीवर जाऊ नका.

निळी_पताका_बुधवारपेठ

बाई, तुमचं वाचलं. आजीबद्दल मी जरा तोडून लिहिलं. पुण्यानुमोदनाला माझा विरोध नाही, आमच्याही घरी झालंय.

पण भावानं तिथं गेल्यावर एक गोष्ट नीट बघावी आणि आजीलाही सांगावी. महाबोधी विहाराचा कारभार अजून 1949 च्या कायद्यानं चालतो. समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. 1891 मध्ये श्रीलंकेचे अनागारिक धम्मपाल आले तेव्हापासून ही जागा बौद्धांच्या हाती यावी म्हणून झगडा चालू आहे. फेब्रुवारी 2025 पासून भिक्खू पुन्हा आंदोलनाला बसले, महाराष्ट्रातून आपली माणसं गेली. पूजा कराच, पण जिथं पूजा करतो ती जागा कुणाच्या ताब्यात आहे हेही आपल्याला माहीत पाहिजे.

दमाणीनगरच्या_बाई

भाऊ, हे बोललात ते बरं केलंत. आमच्या बायका तिथं जातात तेव्हा मीही सांगते. ज्या जागेसाठी लोक उपाशी बसले तिथं फूल ठेवताना ते माहीत असावं.

जुनीमिल_कंपाउंड

बाई, तुमचं उत्तर रात्री आजीला मोठ्यानं वाचून दाखवलं. काकाही दारात उभं राहून ऐकत होते. "कप्पियं भन्ते" आजीनं माझ्याकडून घोकून घेतलं. संघदानाचं काकांना पटलंय, भोजनाचा खर्च ते देतो म्हणाले.

अजून दोन गोष्टी राहिल्या. एक, आजोबांचं धोतर. आजी म्हणते ते चीवर म्हणून द्यायचं. वापरलेलं पांढरं धोतर चालेल का, की अपमान होईल? दुसरं, आत्याचं म्हणणं आहे की सोलापुरातून जायचं तर चादरी द्याव्यात. त्या दानात बसतात का?

दमाणीनगरच्या_बाई

धोतराचा प्रश्न वाचून मी थोडा वेळ बसले.

भिक्खूचं मूळ वस्त्र पांसुकूल. लोकांनी टाकलेलं, उकिरड्यावरचं, स्मशानातलं कापड उचलायचं, धुवायचं, तुकडे जोडून रंगवायचं. चीवराला जे चौकोन दिसतात ते शिवलेल्या तुकड्यांचे. विनयात नोंद आहे, भगवंतांनी मगधाची बांध घातलेली शेतं दाखवली आणि आनंदानं तशा नमुन्याचं चीवर बेतलं. मगध म्हणजे तुम्ही जाणार आहात तोच मुलूख. गाडीच्या खिडकीतून आजीला शेतं दाखव आणि संघदानाच्या वेळी भंतेंच्या खांद्यावरचे चौकोन दाखव. श्रीलंकेत माणूस गेल्यावर त्याच्या नावानं भिक्खूंना पांढरं कापड द्यायची रीत आजही आहे, मतकवस्त्र म्हणतात. तेव्हा वापरलेल्या धोतरात अपमान काही नाही. उलट हे कापड मुळाच्या जास्त जवळचं.

फक्त मंदिरात मूर्तीला घालायला ते नेऊ नका, तिथं तयार चीवरच घेतात. धोतर संघदानात ठेवा, आणि आदल्या दिवशी भंतेंना विचारा. सांगायचं एवढंच, की हे माझ्या आजोबांचं धोतर आहे, आजीची इच्छा आहे. घेतलं तर ते त्याचं काय करायचं ते करतील, पुसायचं कापड केलं तरी आजीनं मनाला लावून घ्यायचं नाही. दिलं की आपलं राहत नाही. नाही घेतलं, तर ज्या पाटावर दानाच्या वस्तू मांडाल त्यावर ते अंथरा. आजोबांच्या कापडावर आजोबांचं दान, आजीला तेही आवडेल असं मला वाटतं.

चादरी नक्की न्या. भिक्खूच्या गरजा चार, चीवर, भोजन, निवारा आणि औषध. पांघरूण त्यात सहज बसतं, आणि जानेवारीत बोधगयेत चादरीइतकं उपयोगाचं दान दुसरं नाही. आपल्या चादरीवर मोर, फुलं, मोठमोठी नक्षी असते. तसली नको. कारखान्यातून थेट घेतलीत तर एकरंगी किंवा बारीक चौकड्यांच्या मिळतात, मातकट, तपकिरी, गडद पिवळ्या. एकेरी घ्या, डबल बेडची भिक्खूच्या झोळीला जड होते. एकदा धुऊन न्या, नव्या चादरीचा रंग पहिल्या पाण्याला सुटतो.

किती न्यायच्या ते विहारात फोन करून ठरवा. त्या दिवशी भोजनाला किती भिक्खू असतील ते विचार, तेवढ्याच न्या, वर दोन जास्तीच्या. कमी पडल्या तर वाटताना पंचाईत होते. दातदुखीचं मलम, सर्दीच्या गोळ्या, बाम यांची एक पिशवी केलीत तर औषधाचंही झालं. पण गोळ्यांची तारीख बघून घ्या.

वाटेत खायला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी जास्तीची बांधा. तिकडच्या भातानं आजीचं पोट तिसऱ्या दिवशी बिघडतं, आमच्या सगळ्या बायकांचं हेच होतं. आणि काकांना विचार, येतात का. पाणी ओतताना आजीचा हात थरथरला तर भांड्याला खालून हात लावायला मुलगा असावा. तू आहेसच, पण मुलगाही असावा.